नऊ पापांचा कारकून

चार कारकून चहाला बसले की किस्से साचतातच. आमच्या तालुक्याच्या कोर्टात जरा जास्तच साचले, आणि त्यातल्या बहुतेकांत येडा ठरलोय मीच!

निजामी गेली, पुढं आम्ही मुंबई राज्यात आलो आणि कागद मराठीत करा असा हुकूम सुटला. तुळजापुरात चार वर्षं संस्कृत घोकलेला कारकून मी एकटाच. समन्सवर 'गुन्हा' लिहायला मला कमीपणा वाटला. फारसी शब्द! शास्त्रातल्या पापांची नऊ नावं मला पाठ होती. अतिपातक, महापातक, अनुपातक, उपपातक... तीच मी गुन्ह्यांना वाटून टाकली.

न्यायाधीशांपुढं कागद मांडणारे आमचे पेशकार करीमचाचा. सगळी हयात उर्दू दप्तरात गेलेली. त्यांनी यादी ऐकली आणि चष्मा काढला.

"पंडत, इत्ते किसम के पाप अपने तालुके में होतेच नै!"

*

पहिलं समन्स गेलं बिनदिव्याची सायकल चालवणाऱ्या शिंप्याला. प्रकार, प्रकीर्णक. म्हणजे किरकोळ. तारखेला शिंपी हजर, मागं अख्खी गल्ली. एवढी माणसं कशाला आणलीस, म्हणून विचारलं.

"शाळंतल्या मास्तरला बी शब्द कळंना. म्हनलं, फाशीबिशी असली तर शेवटचं बघून तरी घेतील!"

*

दुसऱ्याच्या ज्वारीत म्हैस सोडणाऱ्या एका गड्याला मी उपपातक दिलं. गडी आला तो डोक्याचा चकोट करून, कपाळभर कुंकू लावून.

"साहेब, तुळजापूरला जाऊन कल्लोळ तीर्थात बुडी मारून आलो. पाप फिटलं. आता केस कसली?"

न्यायाधीशसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसताच टाक दौतीत बुडवत बसलो.

*

मग मला सलग तीन दिवस उशीर झाला. करीमचाचा तेव्हा नुकतेच बाळबोध गिरवायला लागले होते. हजेरीपटावर माझ्या नावापुढं त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, 'मलिनीकरण'. माझ्याच यादीतलं आठवं पाप!

"बराबर लिखा ना, पंडत?"

बरोबर होतं. एक चूक काढता आली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं!

*

लोहाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं सामाईक बांधावरच्या बाभळीची फांदी तोडली. फिर्याद केली होती त्याच्याच धाकट्या भावाच्या विधवेनं. एवढ्याशा गोष्टीला मी महापातक लिहिलं. का? शब्द वळणदार दिसतो म्हणून! अजून आठवलं की लाज वाटते.

म्हातारा उभा राहिला. कुणी काही विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"साहेब, धाकट्याला पटकी झाली तवा ही दार वाजवत हुती. दवाखान्यात न्यायला बैलगाडी मागत हुती. म्या आतच हुतो. घरात न्हाईत म्हनून बायकूला सांगाय लावलं. लई भ्यालो हुतो, साहेब. भाऊ गेला. ह्ये म्या आजवर कुनाला बोललो न्हाय. तुमास्नी कसं कळलं?"

साहेबांनी समन्स उलटंपालटं करून बघितलं. त्यात बाभळीची एक फांदी होती, बाकी काही नाही. करीमचाचांनी टाक खाली ठेवला. मला तोंड लपवायला जागा सापडेना.

भावजयीनं पदर सावरला.

"ठावं हाय, भावजी," ती म्हणाली. "तुमच्या वहाना दारातच हुत्या."