वर्दीची गोधडी

जेवण झालंय. चैत्राचं ऊन ओसरीच्या कडेपर्यंत येऊन थांबलंय. मांडीवर गोधडी, हातात सुई. डोळा लागतो न लागतो, अशा वेळी हात आपोआप टाका घालत राहतो.

माझा मुलगा उत्तम सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही. एक मेला झेंडावंदनाला आप्पा वर्दीत उभे राहतील, असं त्यानं सरपंचाला सांगून ठेवलं होतं. आणि मी काल वर्दी कापली. हिरव्या सदऱ्याचे चौकोन केले आणि गोधडीच्या मधोमध लावायला घेतले.

"लोक वर्दीला हात जोडतात, आप्पा," तो कालच म्हणाला, "आणि तुम्ही तिच्या चिंध्या केल्या. बायकांसारखं सुईदोरा घेऊन बसलात ते बसलात, वर हे."

सुई थांबते. ओसरीवर बुटांचा आवाज येतो.

सुभेदार केरबा निकम समोर उभे आहेत. आमच्या पलटणीचे सुभेदार. मिशीवर बर्फ. बर्फातल्या चौकीवर त्यांचे पाय काळे पडले, तेव्हा मीच त्यांना पाठीवर घेऊन उतरलो होतो. खाली पोचलो तेव्हा पाठीवर वजन होतं, माणूस नव्हता.

"मोहित्या, वर्दी कापलीस?"

"कापली, साहेब."

"कुणाला विचारून?"

"तिलाच. पेन्शनीत आल्यापासून खुंटीवर सावधानमध्ये उभी होती. म्हटलं, बाई, विश्राम."

साहेब हसत नाहीत. मिशीतला बर्फ मात्र जरा हलतो.

मी पायरी उतरतो तर खाली परेडचं मैदान. आमची चिंच जागेवर आहे, पण तिच्याखाली चुन्याच्या रेघा मारल्यात. माझी गोधडी मैदानभर अंथरलेली, पलीकडची कड दिसत नाही एवढी मोठी. साहेब तिच्यावरून चालत जातात, वाकून टाके बघतात.

"ही ओळ आहे? बैल मुतत गेल्यासारखी!"

"माझीच आहे."

"सरळ घाल."

"सगळी नोकरी सरळच चाललो, साहेब. आता सुई नेईल तिकडं जातो. दिवसाला एक ओळ होते. कधी तीही होत नाही."

"पेन्शनीत आलेले बाकीचे हवालदार बघ. कारखान्याच्या फाटकावर टोपी घालून उभे आहेत. मान आहे त्यांना."

"दुसऱ्याच्या दारात उभं राहायचा मान त्यांना लखलाभ. मी माझ्या ओसरीवर बसतो."

मैदान पांढरं होत जातं. चुना नाही, बर्फ आहे. गोधडीचे लाल-पिवळे तुकडे त्याखाली बुडत चाललेत. साहेबांच्या मागे सगळी चौकी रांगेत उभी, आणि रांगेत एक जागा मोकळी. साहेब हजेरी घ्यायला लागतात.

"हवालदार दादू मोहिते!"

आई सांगायची, मेलेल्या माणसानं स्वप्नात हाक मारली तर ओ देऊ नये. ओ दिली की गेलाच. मला ते ठाऊक आहे. पण या आवाजाला ओ द्यायची सवय जिभेला जुनी. ती कुणाला विचारत नाही.

"ह—"

अक्षर सुटलं. पायही उचलला गेला. 'हजर' म्हटलं की संपलं, गोधडी अर्धीच राहणार. पण मी अक्षरं उशिरा शिकलो, घरी परतल्यावर, नातीच्या अंकलिपीतून. एकेका अक्षराचे शब्द सांगा म्हणून ती पोरगी माझा जीव खायची. ह काही एकट्या हजरचा नसतो.

"हलणार नाही, साहेब."



"काय म्हणालास?"

"हलणार नाही. हिचं पोट भरायचंय अजून. आमची आई गोधडीच्या मधोमध भाकरीचा तुकडा ठेवून मगच शेवटची बाजू शिवायची. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणायची. तेवढं झाल्याशिवाय मी कुठंही येत नाही. तुम्ही थंडीनं गेलात. मी पांघरूण शिवतोय. हुकूम मोडला म्हणून पेशी लावायची तर लावा."

साहेब वाकून गोधडी चाचपतात. मग बसतात. त्यांना बसलेलं मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. बूट नाहीत आता. काळे पाय ते गोधडीखाली घेतात.

"ऊब आहे रे."

"सदऱ्याची आहे."

"सुई दे इकडं. एक ओळ तरी माणसासारखी असू दे."

ते शिवायला लागतात. मान वर न करताच रांगेला हुकूम देतात, "जैसे थे!"

कवायतीत हा हुकूम आला की आधीचा हुकूम रद्द. माझा उचललेला पाय खाली टेकतो.

ऊन घोट्यावर आलंय. दारात उत्तम उभा आहे.

"आप्पा, कोण हलणार नाही?"

"मी."

"आणि एक मेला? सरपंचाला काय सांगू?"

"सांग, आप्पा गोधडी खांद्यावर टाकून येतील. वर्दी तिच्यात आहे."

तो काहीतरी बोलायला वाकतो आणि वाकलेलाच राहतो. सदऱ्याच्या हिरव्या चौकोनावरून एक ओळ गेली आहे. दोरा माझाच, तांबडा. पण टाके एकसारखे, आणि ओळ पट्टी लावून आखावी तशी सरळ.

"ही तुम्ही घातली?"

"मला येते का अशी?"

मी त्या चौकोनावर तळवा ठेवतो. एवढ्या उन्हात तो तुकडा गारठलेला आहे.

"आत जा," मी उत्तमला म्हणतो, "भाकरीचा तुकडा घेऊन ये. मोठा आण, दोघांना पुरेल असा."

ती ओळ मी उसवत नाही. तिला लागून माझी ओळ घालायला घेतो. वाकडी.