एक जूनची आई

मळमड्डी भागातल्या आमच्या घरात आईचा वाढदिवस फक्त कागदावर असतो, एक जूनला. तिच्या शाळेतल्या मास्तरांनी अर्ध्या वर्गाला तीच तारीख देऊन टाकली होती. खरी ती नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची.

अक्काचं पहिलं बाळंतपण परदेशात, दोन महिन्यांवर आलेलं. आई-अप्पांच्या व्हिसाचे फॉर्म मी भरायला बसलो. वेबसाइटचे फॉर्म बनवणं हाच माझा धंदा, त्यामुळं एजंट कशाला, असा तोरा मीच मिरवला होता. आईचा फॉर्म भरून पाठवला. मग अप्पांचा घेतला. त्यांचा जन्म तेवीस सप्टेंबरचा. तेवीस टाकताच रकाना लाल झाला. तिकडे महिना आधी लिहितात, दिवस नंतर, आणि तेविसावा महिना आणणार कुठून?

म्हणजे आईचं ०१/०६ त्या फॉर्मनं सहा जानेवारी म्हणून गुपचूप घेतलं होतं. महिना अक्षरांत ठेवा म्हणून मी गिऱ्हाइकांशी भांडतो, आणि स्वतःच्या आईच्या वेळी दिव्याखाली अंधार.

पाठवलेला फॉर्म बदलता येत नव्हता. नवा भरायचा, मुलाखतीची वेळही नवी घ्यायची. तीन दिवस वेळच मिळेना. अक्का रोज फोनवर विचारायची, मी रोज 'होईल' म्हणायचो. मला जेवण जात नव्हतं. स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता. चौथ्या दिवशी वेळ मिळाली, बाळंतपणाच्या जेमतेम महिनाभर आधीची.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती शेंगदाणे निवडत होती.

"त्या दोन्ही तारखांना मी कुठं जन्मलेय?" ती म्हणाली. "पण मास्तरांनी लिहिली तीच लिही बाबा. मला पोरीकडं जायचंय."

मुलाखत हैदराबादला होती. मी बाहेर फुटपाथवर दोन तास येरझाऱ्या घातल्या. बाहेर आल्यावर अप्पांनी सांगितलं, साहेबानं जन्मतारीख विचारली तेव्हा घोकलेली एक जून सांगताना आईचा आवाज कापत होता. खोटं बोलताना पकडतील, अशी तिला भीती.

नात झाली तेव्हा आई तिथं होती. अक्कानं दवाखान्यातल्या कागदाचा फोटो पाठवला. तारीख आकड्यांत होती, दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आतले. त्याखाली आईच्या अक्षरात मराठीतून महिन्याचं नाव होतं, आणि पुढं लिहिलं होतं, ही खरी तारीख आहे.