एक्स्पोर्टच्या फाइलमधले चौघे

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. पुढचं समजायला सोपं जाईल. दुसरं म्हणजे, मला मराठीत बोलायला घराबाहेर माणूसच नव्हता. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी बंगळुरात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण अशी की पुण्याचा माणूस आधी हसेल आणि मग अर्थ विचारील. 'स्वल्प थांब', 'बरं'च्या जागी 'सरी, येते मी', मोठा भाऊ अण्णा, मोठी बहीण अक्का. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की कन्नड. यशवंतपूरच्या ज्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथे चार वर्षांत कुणाला पत्ता नव्हता की ही मुलगी घरी वेगळीच भाषा बोलते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीत एका मोटार गॅरेजच्या जागी सायबर कॅफे निघाला. चार कॉम्प्युटर, मध्ये पडदे. तिथे मला एक वेबसाइट सापडली, तिच्यावर मराठी माणसांचं गप्पांचं पान होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, आणि जगात कुठे कुठे बसलेली माणसं लगेच उत्तर द्यायची. पहिल्या दिवशी मी भीतभीत लिहिलं, 'मी बंगळूरची, मला स्वल्प मराठी येतं.' दोन मिनिटांत चौघं तुटून पडले. स्वल्प म्हणजे किती, तुम्ही जेवता काय, तिकडे मराठी आहेत तरी का. बाई गं, काय सांगू, घरी आले तेव्हा माझे कान गरम झाले होते.

ते चौघं मग माझेच झाले. पुण्याची एक ताई, शाळेतून निवृत्त झालेली, सगळ्यांना दटावणारी. दुबईचा एक इंजिनियर, अखंड थट्टेखोर. न्यू जर्सीचा एक डॉक्टर, तो सकाळी कामावर जाण्याआधी यायचा. सिंगापूरची एक नवी नवरी, तिला रोज आईची आठवण यायची. खरी नावं कुणी सांगायची नाहीत असा रिवाजच होता. गावाच्या नावानं हाका मारायच्या. मी 'बंगळूर'. साडेपाचला कारखान्याची बस सुटली की माझं काळीज धडधडायला लागायचं, आणि साडेसहाला मी कॅफेच्या खुर्चीत असायची. आई म्हणायची, अगं, निदान कॉफी तरी पिऊन जा.

त्या पानावर नाव नोंदवताना एका रकान्यात ईमेल मागितला होता, तो मग नावाशेजारी सगळ्यांना दिसायचा. माझा कुठला आलाय ईमेल? पण कारखान्याच्या लेटरहेडवर एक छापलेला होता, दिवसातून वीसदा डोळ्यांखालून जाणारा. तोच मी ठोकून दिला. थोडा रुबाबही वाटला. नंतर मी ते साफ विसरले.

आणि एका सोमवारी पान रिकामं. शनिवार-रविवार मावसबहिणीच्या साखरपुड्यात गेले होते, त्यामुळे दोन दिवसांचा खंड पडला होता. सोमवारी धावत गेले तर चौघांपैकी एकही नाही. कुणीतरी नवीनच पोरं येऊन अचकटविचकट लिहीत होती. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी विचारलं, 'दुबई, आहेस का?' उत्तरादाखल एका टवाळानं शिवी हासडली.

पहिला आठवडा मी काळजी केली. चौघं एकदम आजारी कसे पडतील? दुसऱ्या आठवड्यात मी सगळं जुनं बोलणं आठवून काढलं, कुणाला काय लागलं असेल ते शोधलं. रात्री पोळी ताटात तशीच टाकून उठायची. आई म्हणाली, 'ज्यांचं तोंड बघितलं नाहीस त्यांच्यासाठी रडतेस?' मी तिच्यावरच खेकसले. तिला कसं सांगणार की त्या चौघांनी माझ्या मराठीला हसून हसून ती मला आवडायला लावली होती. तिसऱ्या आठवड्यात मात्र माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या ओसाड पानावर लिहून टाकलं, 'गेलात ना, उडत जा. मला तुमच्यातल्या कुणाचीही गरज नाही.' लिहिलं आणि खूप बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत ते बरं वाटणं संपलं होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी, बुधवारी सकाळी, एक्स्पोर्टच्या साहेबांनी मला बोलावलं. आमचं एक्स्पोर्ट खातं म्हणजे हे एकटे साहेब, एक टेबल आणि भिंतीवर जगाचा नकाशा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि खातं निघाल्यापासून परदेशाची एकही ऑर्डर नाही. जेवणाच्या सुट्टीत पोरं त्यांना 'नकाशाचे साहेब' म्हणून चिडवायची. त्या दिवशी ते चक्क उभे होते, बसवत नव्हतं त्यांना.

'बस,' ते कन्नडमध्ये म्हणाले. 'कोटेशन टाइप करायचं आहे. कुणाला बोलू नकोस इतक्यात. दुबई, अमेरिका, सिंगापूर, तिन्हीकडून चौकशी आली आहे. आणि त्यांचाच कुणी एजंट पुण्यातून लिहितो आहे. भाषा पोर्तुगीज असावी. पण आपली पत्रं त्यांना कळतात. हे बघ, नगसुद्धा कळवलेत, चार. सॅम्पल म्हणून घेत असतील.'

त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. वरच्याच कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: 'अगं बंगळूर, हा काय चावटपणा? माप एवढं मोठं, दाब फार, नग 4, वाट बघून थकलेले. दुबई.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पान उलटलं, पुन्हा उलटलं. सगळी पत्रं माझी होती. कारखान्यात ईमेल दिवसातून एकदाच यायचा. हेडक्लार्क, त्यांना सगळेच अण्णा म्हणत, अकराच्या ठोक्याला सगळ्यांना फोन खाली ठेवायला लावायचे, मोडेम जोडायचे, आलेलं उतरवून घ्यायचे, गेलेलं पाठवायचे, आणि लाइन तोडायचे. मग प्रत्येक पत्र छापून त्यावर आवकचा शिक्का, आणि ज्याचं त्याच्या ट्रेमध्ये. खासगी पत्र ही भानगडच त्यांना ठाऊक नव्हती. न कळणाऱ्या भाषेतलं, परदेशाहून आलेलं पत्र एक्स्पोर्टच्या ट्रेमध्ये नाही टाकायचं तर कुठे? आणि साहेब बिचारे तीन आठवडे प्रत्येकाला उत्तर देत होते: चौकशीबद्दल आभारी आहोत, कृपया माप, दाब आणि नग कळवावेत. खाली सहीला नाव नाही, नुसतं 'एक्स्पोर्ट विभाग, बंगळूर'.

पहिलं पत्र ताईचं होतं. पानाचा मालक त्या टवाळांना आवरत नाही, उलट आपलंच लिहिलेलं पुसतो, म्हणून आपण सगळे दुसरीकडे जातोय, नवा पत्ता हा, साडेसहालाच ये. शेवटचं पत्रही तिचंच, आदल्या दिवशीचं. 'पानावर तू लिहिलेलं वाचलं. आधी ती कोरडी पत्रं, आता हे. तुला आम्ही नको असू तर तसं. बुधवारी दुपारी नव्या पानाच्या यादीतून तुझं नाव काढते, म्हणजे आमची पत्रं तुला त्रास देणार नाहीत.'

बुधवार म्हणजे आजच. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. अकराला लाइन जोडली जाणार, आणि एकदा तुटली की उद्यापर्यंत नाही. कॅफे संध्याकाळी. गप्प बसून कोटेशन टाइप केलं तर माझी नोकरी शाबूत, साहेबांचं स्वप्नही आणखी चार दिवस शाबूत, आणि माझे चौघे गेले ते गेले.

'सर,' मी म्हणाले, 'ही पोर्तुगीज नाही. मराठी आहे. ही पत्रं मला आलेली आहेत.'

सगळं सांगितलं, एका दमात. पत्ता मी दिला, चूक माझी, माझ्या घरी हीच भाषा बोलतात, हे चौघं माझे मित्र आहेत. साहेब हळूच खुर्चीत बसले. त्यांनी नकाशाकडेही पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मला वाटलं, आता हे मला हाकलतील, आणि हाकलावंच.

'म्हणजे यांतल्या कुणालाच व्हॉल्व्ह नको?'

'नको सर.'

'मग तीन आठवडे काय मागत होते?'

'मला ये म्हणून सांगत होते.'

त्यांनी फाइल उघडून पत्रं मोजली. सोळा होती. 'सोळा,' ते म्हणाले. 'मी त्यांना प्रत्येक वेळी माप विचारलं, तरी पुन्हा लिहिलं. गिऱ्हाईक एकदा विचारतं, उत्तर आवडलं नाही की जातं. चाळीस वर्षं बघतोय मी.' मग ते उठले, दार उघडलं आणि अण्णांना हाक मारली. 'आज लाइन पाच मिनिटं उशिरा तोडा. एक पत्र जायचं आहे.'

मी अण्णांच्या टेबलावर उभ्यानंच टाइप केलं. काय लिहिलं ते धड आठवत नाही. माझा पत्ता चुकला, पत्रं व्हॉल्व्हच्या फाइलमध्ये गेली, मी मूर्ख आहे, रागाच्या भरात वाट्टेल ते लिहिलं, नाव काढू नका. मोडेम किंचाळला, अण्णांनी बटण दाबलं, पत्र गेलं. मग अख्खा दिवस आणि अख्खी रात्र, बापरे. नव्या पत्त्याचा कागद हातात होता, तरी संध्याकाळी कॅफेत जायची माझी छाती झाली नाही. नाव काढलेलं बघायचं नव्हतं मला.

गुरुवारी अकराला मी अण्णांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं साहेबही येऊन उभे राहिले. प्रिंटर कुरकुरला. चार पत्रं. अण्णांनी सवयीनं शिक्का उचलला, मग माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवला.

ताईचं पत्र वर होतं. नाव काढलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, 'अगं वेडे, नव्या पानावर रोज साडेसहाला आम्ही जमतो, आणि जो येईल तो आधी एकच विचारतो, बंगळूर आलं का? आम्हाला वाटलं, तूच आम्हाला सोडून गेलीस.'

रोज साडेसहाला. त्याच वेळी मी जुन्या पानापुढे बसून त्यांना शिव्या घालत होते.