साइट बायकांची नसते

उलव्याला इमारतींच्या साइटवर मी रुजू झाले, तेव्हा माझ्याबरोबर लागलेल्या मुलाला हेल्मेट आणि बूट मिळाले आणि मला केबिनमधलं टेबल मिळालं. नोकरी दोघांचीही साइट इंजिनिअरची. पदवी तीच, उलट मला आधीच्या ठिकाणचा थोडा अनुभवही होता. तरी तो सकाळी बाहेर पडायचा आणि मी ठेकेदारांची बिलं तपासायचे, ड्रॉइंगच्या फायली लावायचे आणि मुख्य ऑफिसचे पाहुणे आले की चहा मागवायचे. चहा मागव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणे आले की सगळे माझ्याकडे बघायचे, एवढंच.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे सर, वाईट माणूस नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. मी रोडपालीहून स्कूटीवर यायचे, तर रस्त्यावर ट्रेलरची रांग लागायच्या आत नीघ, असं ते रोज आठवणीने सांगायचे. घरच्यांची चौकशी करायचे. म्हणूनच, मलाही एक इमारत सांभाळायला द्या, असं म्हणायला मला काही महिने लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो," ते म्हणाले. "साइट बायकांची नसते. स्लॅब कधी रात्रीपर्यंत चालतो, मजुरांच्या तोंडात शिव्या असतात. आणि तिथे बायकांसाठी संडाससुद्धा नाही. तुलाच त्रास होईल."

मी टेबलावर परत आले. समोर खिडकी होती. खिडकीतून दुसऱ्या इमारतीचा जिना दिसायचा आणि त्या जिन्यावरून डोक्यावर घमेली घेऊन बायका चढत होत्या. खाली वाळू चाळायला बायका, विटा उचलायला बायका, कालच्या स्लॅबवर पाइपने पाणी मारायलाही बाईच. पोट दिसायला लागलेली एक जण सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकत होती. मी बराच वेळ बघत राहिले. साइट बायकांची नसते हे वाक्य यांच्यापैकी कुणाला कुणी ऐकवलं नव्हतं. ओझं उचलायला बाई चालत होती. ते ओझं कुठे ठेवायचं हे सांगायला चालत नव्हती.

पाणी मारणारी बाई जवळच्याच खाडीकाठच्या गावची होती. माझ्या आईच्या वयाची. पूर्वी मासळी विकायची. खाडीत भराव पडला, मासळी कमी झाली, तशी इथे आली. दुपारी ती केबिनच्या सावलीला डबा खायला बसायची. एकदा मी तिला विचारलं, की तुम्ही सगळ्याजणी दिवसभर जाता कुठे? ती आधी समजली नाही. मग हसली.

"जातो कुटं? पत्र्याच्या मागं, ते पन उजाडायच्या आदी. मंग आमी पानीच पीत नाय, बाय. घरी गेल्यावर पितो."

मीही तेच करत होते. केबिनमागे एकच संडास होता, तो सगळ्या पुरुषांचा, कडी तुटलेली. मी घरून निघताना पाणी प्यायचे ते थेट घरी पोचल्यावर. त्या उन्हाळ्यात मला ताप भरला, लघवीला जळजळ व्हायला लागली. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि दिवसभर भरपूर पाणी प्या म्हणाल्या. मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, अशा अडचणीच्या बायका माझ्याकडे रोज येतात. दुकानातल्या, गोदामातल्या, शाळेतल्यासुद्धा.

नवरा म्हणाला, वाशीला एखादी ऑफिसातली नोकरी बघ. त्याला माझी काळजी होती, हे मला कळत होतं. पण मी आजारी पडले म्हणून नोकरी सोडली असती, तर सरांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. तुलाच त्रास होईल, असं ते म्हणालेच होते. मी त्याला म्हटलं, नोकरी सोडणार नाही. आधी संडास मागणार आहे आणि मग इमारत.

सरांना मी एकटीने गाठून सांगितलं. ऑफिसात बाई तू एकटीच, एकीसाठी वेगळा खर्च वर मंजूर होणार नाही, असं ते म्हणाले. बाहेरच्या बायकांचं काय, असं विचारलं तर म्हणाले, त्या ठेकेदाराच्या. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, जागा कंपनीची, मी काय बांधू? असे दोन-तीन आठवडे गेले. मग सुरक्षेची बैठक आली. तिला मुख्य ऑफिसचे एक साहेब यायचे. हेल्मेट, पट्टे, जाळ्या यांची विचारणा व्हायची आणि शेवटी ते विचारायचे, आणखी काही? कुणी कधी काही बोलायचं नाही.

त्या दिवशी मी हात वर केला. म्हटलं, या साइटवर रोज इतक्या बायका काम करतात, त्यांना संडास नाही. त्या दिवसभर पाणी न पिता उन्हात माळे चढतात. एखादी चक्कर येऊन पडली, तर ती सुरक्षेचीच बाब नाही का?

सर टेबलाकडे बघत राहिले. ठेकेदाराचा मुकादम गालातल्या गालात हसला. साहेबांनी सरांना एवढंच विचारलं, "हे खरं आहे?" सरांना हो म्हणावं लागलं.

पुढच्या महिन्यात दोन तयार संडास ट्रकवरून आले. आणल्यावर मुकादमाने त्यांना कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात. बायका घाण करतात, म्हणाला. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि किल्ली मागितली. तो सरांकडे गेला, सरांनी त्याला किल्ली द्यायला लावली. त्यानंतर मात्र सर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. लवकर नीघ, हेही म्हणेनासे झाले. मला ते लागलं. पण मी दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यापुढे गेले आणि म्हटलं, "सर, संडासाची अडचण मिटली. आता मला इमारत द्या."

ते म्हणाले, बघू. मी दर सोमवारी विचारायला लागले. शेवटी माझ्याबरोबर लागलेला मुलगा दुसरीकडे गेला, माणूस मिळेना, तेव्हा तिसरी इमारत माझ्याकडे आली.

पहिल्या स्लॅबला मी सळ्या तपासत होते, तर सळ्या बांधणारा कारागीर माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मागे उभ्या मदतनीस मुलाला देत होता. मी मदतनिसाला खाली पाठवलं. मग उत्तर मलाच द्यावं लागलं. एका कोपऱ्यात स्लॅबला खालून दिलेले टेकू कमी होते. मी काँक्रीटची गाडी थांबवली. मुकादमाने फोन करून सरांना बोलावलं. त्याला वाटलं, ते मला बाजूला करतील. सर आले, स्लॅबच्या खाली वाकून बघितलं, हात झटकले.

"मॅडम म्हणतायत तसं करा," ते म्हणाले आणि खाली गेले. मला ते काही बोलले नाहीत. टेकू लागले, गाडी सुरू झाली, स्लॅब अंधार पडल्यावर संपला. शिव्या ऐकू आल्या. त्या टेबलावरही ऐकू यायच्या.

वरच्या पदासाठी मुलाखती झाल्या, तेव्हा माझी इमारत बाकीच्यांच्या पुढे होती. मुख्य ऑफिसात तिघे बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, लग्न झालंय, उद्या मूल होईल, मग साइट कशी जमवणार?

मी विचारलं, "माझ्या आधी आत आलेल्यांना हे विचारलंत का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग मलाही कामाचं विचारा, सर."

मग दुसऱ्याने पायाच्या काँक्रीटचं विचारलं, मी उत्तर दिलं. ते पद मला मिळालं नाही. ज्याला मिळालं, त्याचं मी साइटवर अभिनंदन केलं आणि संध्याकाळी घरी येऊन रडले. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला, तेव्हा मला सातवा महिना होता. पोट घेऊनच मुलाखतीला बसले. या वेळी मुलाचं कुणी विचारलं नाही. सरांनी माझ्यासाठी शिफारस लिहिली होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

पद मिळालं. बाळंतपणाची रजा संपल्यावर, मुलगी सासूबाईंजवळ ठेवून मी पुन्हा उलव्याला जायला लागले. आता माझ्याकडे दोन इमारती आहेत. मुलीला पाजायला साइटवर जागा नाही. ना मला, ना विटा उचलणाऱ्यांना. पुढच्या बैठकीत ते मांडणार आहे.