बाबा माझ्या चर्चमध्ये आले तेव्हा

दुसऱ्यांदा घर सोडलं तेव्हा मला सोडायला कोणी आलं नाही. पहिल्यांदा, म्हणजे बुटीबोरीच्या सूत कारखान्यात नोकरी लागली तेव्हा, अख्खं घर एसटीपर्यंत आलं होतं. आईनं तिखट, कुरडया, जवसाची चटणी, काय काय बांधून दिलं होतं आणि धाकटा भाऊ खिडकीतून पिशव्या आत ढकलत होता. तीन वर्षांनी सुटीवर गेले आणि जेवताना सांगितलं, "मी बाप्तिस्मा घेतला. रविवारी चर्चमध्ये जाते." आईनं ताटातली भाकर परत टोपलीत टाकली. बाबा ओसरीवर जाऊन बसले आणि मान वर न करता म्हणाले, "जा मंग. पण त्याले घेऊन पुन्हा इकडं येऊ नोको." त्याले म्हणजे येशूला. मी पिशवी उचलत म्हटलं, "तो येतेच बाबा माह्यासंगं. त्याले मी कोठी ठेवू?" आणि भर दुपारच्या उन्हात एकटी चालत रस्त्याला लागले.

गावाकडच्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आणि गाव सोडून इकडं आलेल्या माझ्यासारख्यांसाठीही. मला गोणीभर तांदूळ मिळाला म्हणे. कोणी म्हणालं, नोकरीसाठी धर्म सोडला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! नोकरी आधी लागली, येशू नंतर भेटला. तांदळाचं म्हणाल तर चर्चमध्ये जेवण असलं की घरून तांदूळ मीच घेऊन जाते, आणि तो शिजवतेही मीच. विचारायचं होतं तर मला विचारायचं. माझा फोन नंबर काही बदलला नव्हता.

मी गाव मुळात का सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बोलत कोणी नाही. एकवीस वर्षांची होते, सोयरीक ठरली होती. मग मुलाच्या मामानं सांगितलं, पोरगी उमरेडच्या स्टँडवर कोण्या पोट्ट्याशी हसून बोलत होती. वर्गातला मुलगा होता बिचारा, माझी वही परत देत होता. आमच्या ओसरीवर बैठक बसली. पंधरा-वीस माणसं, आणि प्रत्येकाला माझ्या हसण्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं. मी दाराआड उभी राहून बाबांच्या आवाजाची वाट पाहत होते. माझे बाबा भजनी मंडळात खंजिरी वाजवतात, गायला लागले की शेजारच्या गावात ऐकू जातं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. सोयरीक मोडली आणि मी नोकरी शोधायला लागले.

बुटीबोरीत माझी रूम पार्टनर होती सुशीला, छत्तीसगडची. मशीनवर आम्ही शेजारी शेजारी, तुटलेले दोरे जोडायचो. शिफ्ट संपली की दोघींच्या केसांत कापूस. ती रविवारी चर्चमध्ये जायची. खोटं कशाला बोलू, मी पहिल्यांदा गेले ती एकटेपणाला कंटाळून आणि तिथं चहा मिळतो म्हणून. चर्च म्हणजे वेल्डिंगच्या दुकानावरचा हॉल, वर टिन, खाली सतरंज्या, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. नागपूरचा मे महिना आणि टिनाचं छत! देव भेटो न भेटो, घाम मात्र भेटायचा.

कोणाला स्वप्न पडतं, कोणाचा ताप उतरतो. माझं तसं काही झालं नाही. एका रविवारी पास्टर एका बाईची गोष्ट सांगत होते. बाईला लोकांनी ओढत आणलं होतं, हातात दगड आणि तोंडात तिची बदनामी. येशू खाली वाकून मातीत बोटानं काहीतरी लिहीत बसला. मग म्हणाला, ज्याच्या हातून कधी काही चुकलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा. मी दचकलेच. ही बैठक मी पाहिलेली होती. फरक एवढाच, की तिथं त्या बाईसाठी बोलणारं कोणीतरी होतं. मला आधी तिचा हेवा वाटला, मग रडू फुटलं. ओढणी तोंडात कोंबून रडले. मनात म्हटलं, देवा, आमच्या ओसरीवर तू काहून नव्हता? आणि आतून कळलं की तो होता. दाराआड, माझ्याच बाजूला. हे मला पटवून देता येणार नाही, आणि तुम्हाला पटलंच पाहिजे असा माझा हट्टही नाही.

भेट झाली ती एका दिवसात, पण पुढचं शिकायला वर्षं लागली. चर्चमधल्या आंट्यांनी मला प्रार्थना शिकवली, भांडणं सोडवायला शिकवलं, आणि स्वतः भांडल्याही पुष्कळ. पास्टर म्हणाले, बाप्तिस्म्याच्या वेळी रूथ नाव घे. मी म्हटलं, मंदा नाव बाबांनी ठेवलं आहे, येशूनं मला मंदा म्हणूनच ओळखलं, तेच राहणार. ते हसले आणि राहू दिलं. सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. माझ्याही हातात एक दगड होता, बाबांच्या नावाचा. पास्टरांची बायको, आमच्या पास्टरबाई, म्हणायच्या, टाक तो. मी म्हणायचे, टाकते, आणि मूठ आणखी आवळायचे.

गेल्या वर्षी भावासाठी मुली पाहणं सुरू झालं. मुलीकडचे विचारणारच, लेकरं किती? माझी आई सांगायला लागली, एकच, हा मुलगा. हे मला चुलत बहिणीकडून कळलं. दोन दिवस घास गिळला नाही. मग एका रविवारी प्रार्थना चालू असताना मागं वळून पाहते तर पुरुषांच्या बाजूला, शेवटच्या सतरंजीवर, बाबा. टोपी, धोतर, मांडीवर पिशवी. रूमवर जाऊन विचारत विचारत आले होते. मला घेऊन जायला आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. ब्रेडच्या बारीक तुकड्यांचं ताट फिरायला लागलं. येशूनं आपल्यासाठी जीव दिला, त्याची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून ते खायचं असतं. बाबांनी टोपी काढली, डाव्या हातावर उजवा हात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांना तो प्रसाद वाटला. भांडायला आलेला माणूस, पण कोण्याही देवाच्या दारी प्रसादाला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. ताट घेऊन फिरत होते आमच्या चर्चचे जुने सभासद, डेव्हिड अंकल. ते बाबांपाशी थांबले, ताट वर उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाप्तिस्मा नाही ना झाला? मग तुम्हाला नाही." आणि पुढं गेले. सगळ्या माना वळल्या. बाबांनी डोळे उघडले. हात तसाच पुढं होता.

आता मजा बघा. माझी जुनी मंदा म्हणत होती, बस, कळू दे त्यांना, पंधरा-वीस माणसांसमोर कसं वाटतं ते. मी ते ऐकलं आणि माझी मलाच शिसारी आली. उठले, सगळ्यांसमोरून पुरुषांच्या बाजूला गेले, माझ्या हातातला तुकडा अंकलच्या ताटात परत ठेवला आणि बाबांजवळ सतरंजीवर बसले. म्हटलं, "अंकल, हे माझे बाबा आहेत. नियम मला ठाऊक आहे, बाप्तिस्मा होईपर्यंत मीही वर्षभर थांबले होते. पण हात पुढं केलेल्या माणसाशी असं बोलतात का? दोन शब्द समजावून सांगितले असते, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली असती, तर काय बिघडलं असतं?" पास्टर समोरून उठून आले, बाबांसमोर खाली बसले आणि म्हणाले, "पाहुणे, चूक आमची झाली. माफ करा." बाबांनी नुसती मान हलवली.

नंतर बाहेर जिन्यात आम्ही दोघंच उभे होतो.

"काहून उठली वं तू?" बाबा म्हणाले.

"तुमच्यासाठी."

"एवढ्या लोकाईत?"

"हो."

त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "मी नोयतो उठलो तवा."

"नोयते उठले, बाबा." खोटी समजूत मी काढली नाही. रडले मात्र, तेही रडले. "चल घरी, ते सोडलं म्हणून सांग," हे बोलायला ते आले होते. ते शब्द त्यांच्या तोंडून निघालेच नाहीत. आमच्या रूमवर सुशीलाच्या हातचं जेवले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. येशूचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घ्यायला लावलं नाही. माझी मूठ मात्र त्या जिन्यात कधी सुटली ते मला कळलंच नाही.

चर्च सोडीन असं पुष्कळांना वाटलं होतं. काहून सोडीन? तेही माझं घर आहे, तिथं भांडायचा मला हक्क आहे. डेव्हिड अंकल तीन रविवार माझ्याकडे बघेनात. चौथ्या रविवारी ताट फिरवायच्या आधी त्यांनी नव्या माणसांना हिंदीत आणि मराठीत सगळं नीट समजावून सांगितलं, आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

परवा आईचा फोन आला. चिडलेली होती. "तुह्या बापानं घोळ केला वं! मुलीकडचे आलते. त्याईनं इचारलं, लेकरं किती. मी एक म्हणतच होती, तं हे मंधात बोलले. दोन म्हणे. मोठी पोरगी बुटीबोरीले राह्यते, येशूले मानते. तिच्यासकट सोयरीक पायजे असन तं चहा घ्या."

मी विचारलं, "मंग? घेतला?"

"कायचा घेते! कप तसेच ठेवून उठले सारे. अन् तुहा बाप तेथीच बसून एकेक कप पिऊन राह्यला."

मी हसले आणि हसता हसता रडले. भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही. त्याचं ठरत आलेलं मोडलं. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, एवढंच हातात आहे. तुम्ही म्हणाल, पाहा, पोरीच्या हट्टापायी घराचं काय झालं. म्हणा. मला लपवून जमलेलं लग्न पुढं कसं टिकलं असतं, तेही सांगा एकदा.

फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "शनिवारी येऊन जाय. रविवारी तुहं ते असते ना."

जाते आहे शनिवारी. जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करणार, मोठ्यानं, तिच्या चुलीसमोर बसून. आई चिडेल. चिडू दे. वाढेल तरी.