बाजार चढला त्या दिवशीची जिलेबी

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि हातात आलेले पैसे त्यांनी गोंदियाच्या एका एजंटच्या सांगण्यावरून शेअर बाजाराशी जोडलेल्या एका योजनेत टाकले. मुदत तीन वर्षं. बाजार पडला तरी मुद्दल परत, चढला तर त्या प्रमाणात नफा. त्या नफ्यातून अर्जुनी मोरगावच्या प्लॉटवर घर उठणार होतं. आईने तर पायाही खोदून घेतला होता. भाड्याच्या दोन खोल्यांत तिचं सगळं आयुष्य गेलं होतं.

त्या काळात बाजार नुसता उधळला होता. बाबा रोज पेपरातला आकडा मोठ्याने वाचायचे. दिवाळीनंतर आमच्याकडे भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, आदल्या दिवशी तर तो असा काही उसळला, की बाबांनी टीव्हीवर पाहिल्या पाहिल्या अख्ख्या गल्लीला जिलेबी वाटली. "आता स्लॅब टाकूनच राहिलो समज," आईला म्हणाले. आई लाजल्यासारखी हसली.

मुदत संपल्यावर मी त्यांच्यासोबत गोंदियाला गेले. एजंटने चेक पुढे सरकवला. नुसतं मुद्दल! मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा चेक आहे.

"बाजार तं वाढला ना? मंग आमचे काऊन नाई वाढले?" बाबांनी विचारलं.

"अंकल, ज्यादा बढ़ गया ना," तो शांतपणे म्हणाला.

योजनेच्या कागदांत बाजाराला वर एक मर्यादा ठरलेली होती. तीन वर्षांत एक दिवस जरी बाजार तिच्यापुढे जाऊन बंद झाला, की सगळा नफा रद्द. तिच्या जरा खाली थांबला असता तर घर झालं असतं. बाजार पडायची भीती आम्हाला होती, पण चढायचीही धरायची असते हे कोणाच्या बापाला सुचणार? असली योजना काढणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

बाबांची सगळी नोकरी तलावांच्या पाळीवर, मातीच्या बांधांवर, गेली होती. पाणी चढलं की गाव खूश व्हायचं आणि यांची झोप उडायची.

"म्हणजे तलाव भरला अन् पाळ फुटली," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "कोणत्या दिवशी?"

एजंटने कॉम्प्युटरवर पाहून तारीख सांगितली. मंडईच्या आदल्या दिवसाची.

परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. अर्जुनी आल्यावर एवढंच म्हणाले, "तुह्या मायले तो दिवस नोको सांगू."