बैलाच्या उजव्या बाजूला

त्या दिवशी तिथं कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की म्हातारीनं मनाचंच जोडलं. मी होते. माझा मुलगा होता, सून होती. बांधाला बांध असलेले शेजारचे नाना होते, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सिनेमा काढणारा पोरगा होता, त्याचा कॅमेरावाला होता, आणि कॅमेऱ्याला ऊन लागू नये म्हणून छत्री धरणारी एक मुलगी होती. तिच्या स्वतःच्या डोक्यावर काही नव्हतं. आणि आमचा बैल होता. खरं तर त्याचं नाव आधी घ्यायला पाहिजे, सिनेमा त्याचा होता. पण नाव घेणार कुठून, आम्ही ठेवलंच नव्हतं. त्याला आम्ही 'अय' म्हणायचो. सिनेमात त्याला चांगलं नाव मिळालं. त्या नावानं कोणी हाक मारली तर तो अजून वळून बघत नाही.

मी चौथीत शाळा सोडली. सही येते, वाचायला फार वेळ लागतो. म्हणून मी बोलते आणि सून लिहिते. आमची बोली सगळ्यांना कळत नाही, तेव्हा ती शाळेतली मराठी घालते. माणसं जिथं बोलली तिथं मात्र जसं बोलली तसंच राहू दे, असं मी तिला सांगितलंय.

आमचं गाव दोंडाईच्यापासून आत आहे. जमीन कोरडवाहू, कपाशीची. मालक गेले तेव्हा मुलगा सातवीत होता. त्याच पावसाळ्यात उजव्या हाताचा बैल साप डसून मेला. राहिला डाव्या हाताचा, तोही नवा, नुकता औताला धरलेला. कपाशीत गवत माजलं होतं. गवत काही सुतक पाळत नाही. ज्यांच्याकडे जोडी होती त्यांचीही कोळपणी चालू होती, आमच्यासाठी कोण थांबणार. तेव्हा मी लुगड्याचा काष्टा मारला, खांद्यावर गोधडीचा तुकडा ठेवला आणि जुवाचं मोकळं टोक त्याच्यावर घेतलं. डावीकडे बैल, उजवीकडे मी. मुलगा मागं कोळपं धरून. तास, म्हणजे एक ओळ, संपलं की तो वळायची हाळी द्यायचा, आणि आम्ही दोघं वळायचो.

लोकांनी बघितलं, हळहळले, आपापल्या शेतात गेले. त्यांच्या जागी मी असते तर मी पण गेले असते.

दोन हंगाम असे निघाले. तिसऱ्या वर्षी भावानं एक म्हातारा बैल दिला आणि माझी सुटका झाली. खांद्यावर घट्टा पडला तो राहिलाच. सून लग्न होऊन आली तेव्हा तो बघून घाबरली, म्हणाली, "आत्याबाई, हे डॉक्टरला दाखवायला पाहिजे." मी म्हटलं, डॉक्टर कशाला, हे गुरांच्या डॉक्टरचं काम आहे.

टीव्ही आमच्या घरी सुनेबरोबर आला. तोपर्यंत जनावर म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. जनावर म्हणजे वैरण, शेण, आणि दुखलं खुपलं तर हळद. टीव्हीत बघते तर काय, नागीण बाईचं रूप घेते आणि अंगभर दागिने घालून लोकांच्या लग्नात जाते. हत्ती देवळात घंटा वाजवतो आणि मालकाच्या वैऱ्याला लांबून ओळखतो. पोपट या घरचं त्या घरी सांगतो. माकड बिछडलेल्या भावाभावांची गाठ घालून देतं. त्या सगळ्यात माणसं तेवढी वेडी, कोणी कोणाचं ऐकत नाही, शहाणं तेवढं जनावर. मला फार पटायचं ते. संध्याकाळी गोठ्यात जाऊन मी बैलाला ऐकवायची, "बघ, लोकांची जनावरं कुठं पोचली. तू बस रवंथ करत."

त्याच वेडात एकदा मी फसले. हरभऱ्याचे दिवस होते. बैलाला चारून आणत होते, बांधावरून पाय घसरला आणि मुरगळला. उठता येईना. आजूबाजूला कोणी नाही. आदल्याच दिवशी एका सिनेमात मालक विहिरीत पडला आणि त्याचा कुत्रा पळत जाऊन अख्खं गाव घेऊन आला, ते मी बघितलेलं. मी बैलाला जवळ बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. घर जाय. पोऱ्याले बलाव. त्याले सांग, माय पडनी. त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. असं माझं घरात कोणी ऐकत नाही. मग तो शांतपणे निघाला, बांध ओलांडला आणि नानांच्या हरभऱ्यात शिरला.

थोड्या वेळानं नाना काठी घेऊन आले.

"आक्का, बैल मना हरभराम्हा कसाले सोडा?"

"मी सोडा नही, नाना. निरोप धाडा व्हता."

नानांनी मला धरून घरी आणलं. म्हणजे मदत आली. कुत्र्यानं आणली तशी नाही, पण आली. नाना ती गोष्ट अजून चहाबरोबर सांगतात आणि दर वेळी हरभऱ्याचं नुकसान वाढवून सांगतात.

मग दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. गावात सगळ्यांचं ट्रॅक्टरवर चाललेलं, आमचंही. जोडीतला दुसरा बैल कधीच गेलेला. हा एकटा उरला, दात पडलेले, बसला की उठायला कण्हणारा. एक दिवस जेवताना मुलगा म्हणाला, "माय, येत्या बाजारले बैल लई जासू. चारा पुरस नही."

त्याचं चुकत नव्हतं. म्हातारा बैल बाजारातून कोण नेतो आणि पुढं त्याचं काय होतं, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. मी म्हटलं, "बरं." आणि ताट घेऊन उठले. मी अशीच आहे, रडायचं असलं की भांडी घासते. त्या दिवशी स्वच्छ भांडीसुद्धा घासली.

बाजाराला अजून थोडे दिवस होते तेव्हा ती सिनेमाची मंडळी आली. धुळ्याकडची पोरं, आपल्या बोलीतला सिनेमा काढत होती. गोष्ट अशी होती की मालक मरतो आणि त्याचा बैल एकटाच शेतातून घरी चालत येतो, दाराशी येऊन उभा राहतो. तेवढ्यासाठी म्हातारा बैल पाहिजे होता. आमच्या गोठ्यात येऊन सिनेमावाला पोरगा बैलाच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"आजी, याच्या डोळ्यात किती दुःख आहे हो."

दुःख नव्हतं, माशा होत्या. पण मी म्हटलं, "हो ना बाबा, फार मायाळू आहे." कारण माझ्या डोक्यात तेव्हाच घंटी वाजली. टीव्हीतल्या हत्तीला कोणी बाजारात विकलेलं मी बघितलं नव्हतं. आमचा बैल एकदा सिनेमात गेला, चार गावांत नाव झालं, की त्याला कोण विकेल? मी पुढं सरकून सांगितलं, "तुमच्या त्या सिनेमातल्या कुत्र्यापेक्षा हुशार आहे. सांगितलेलं सगळं कळतं त्याला." मागं नाना उभे होते, ते खोकले.

मुलगा म्हणाला, एवढं काम होऊ द्या, मग बाजार.

शूटिंगच्या दिवशी मी त्याला धुतला, शिंगांना तेल लावलं. सिनेमावाल्यानं बघितलं आणि म्हणाला, "आजी, तो दुःखात आहे, त्याला एवढा चमकवू नका." मग शिंगांवर माती लावली. कॅमेरा गल्लीच्या एका अंगाला ठेवला. बैलाला शेताच्या वाटेवर उभा केला. तिथून आमच्या दारापर्यंत चालत यायचं, एवढंच त्याचं काम. सिनेमावाला ओरडला. बैलानं शेपटी वर केली, शेण टाकलं आणि उभा राहिला.

पुन्हा केलं. पुन्हा उभा. मुलानं पुढं होऊन गूळ दाखवला, तर त्यानं मान लांब करून गूळ घेतला, पाय जागचा हलवला नाही. कॅमेरावाल्यानं मागून ढकललं, तर त्याचीच चप्पल शेणात गेली. मी म्हटलं दृष्ट लागली असेल, एवढी माणसं टक लावून बघतायत. मीठमिरची आणून उतरवली. सगळे ठसकायला लागले, छत्रीवाली मुलगी तर पार लांब पळाली. बैल तेवढा शांत. शेवटी तो खालीच बसला.

"माय, जाऊ दे," मुलगा म्हणाला. "त्यानाकडथून व्हवाव नही."

सिनेमावाला फोन काढून शेजारच्या गावात दुसरा बैल कोणाकडे आहे ते विचारायला लागला. तो फोन लागला की आमच्या बैलाचा बाजार पक्का. नाना म्हणाले, "आक्का, त्याना हाते निरोप धाडी देख."

मला असा राग आला. बैलाला उठवला आणि त्याच्या पाठीवर एक चापट द्यावी म्हणून मी त्याच्या उजव्या खांद्याशी गेले. हात उचलते तोच तो चालायला लागला. मी दचकून थांबले. तो थांबला. मी एक पाऊल पुढं टाकलं, त्यानं टाकलं.

म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते की मी त्याची मालकीण. वैरण मी घालते, पाणी मी पाजते, चार शहाणपणाच्या गोष्टी मी सांगते. त्याच्या लेखी मी दुसरा बैल होते. उजव्या हाताला जोडीदार आल्याशिवाय काम सुरू होत नाही, हे तो लहानपणी शिकलेला. त्याला अभिनय सांगणारे सांगत होते आणि तो बिचारा माझी वाट बघत उभा होता.

सिनेमावाल्यानं फोन खिशात टाकला. कॅमेरा डावीकडे होता, उजवीकडचं माणूस बैलाच्या आड झाकून जाईल. त्यानं आधी कॅमेरावाल्याला उभा करून बघितला, तर त्याचं डोकं बैलाच्या वर दिसायला लागलं. मुलगी शिंगांना भ्यायची. मी बुटकी, कमरेत वाकलेली, तयार मालच होते. मला म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त दिसू नका." आत्तापर्यंत केलेलं सगळ्यात सोपं काम ते. मी काष्टा मारला, मान खाली घातली आणि चालायला लागले. बैल मान वर करून दुःखात, मी मान खाली घालून त्याच्या काखेत.

गल्ली चालून आम्ही दाराशी आलो. सगळं नीट झालं होतं. मुलगा आमच्या मागं उभा होता. काय झालं त्याला कोण जाणे, आम्ही भिंतीशी पोचलो तशी त्याच्या तोंडून हाळी निघून गेली. तास संपल्यावर वळायची, तीच, लहानपणी द्यायचा ती. आणि आम्ही वळलो. बैलही वळला, मीही वळले. त्याला निदान अक्कल नव्हती, मला काय झालं होतं?

हसून हसून नाना ओट्यावर बसले. सून पदर तोंडाला लावून आत पळाली. सिनेमावाला हसत हसत म्हणाला, पुन्हा एकदा करावं लागेल. मुलगा तेवढा हसला नाही. तो आमच्याकडे बघत होता, मागून, जसा कोळपं धरून बघायचा तसा. मग तो गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. दुसऱ्या वेळी हाळी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून काम झालं. मला चहा मिळाला, बैलाला पेंड.

बाजाराच्या दिवशी मी पहाटेच बैलाला पाणी पाजलं, दाव्याची गाठ सैल करून ठेवली, आणि भांडी घासायला बसले. मुलानं मोटारसायकल काढली आणि एकटाच गेला. दुपारी आला तो सरकीची पेंड आणि नवं दावं घेऊन. त्यानंच सांगितलं, चपला काढता काढता.

"त्याले इकसू तं तुले बी इकनं पडी. जोडी शे ती."

मी म्हटलं, "मले कोन लेवाव?" म्हणजे मला कोण घेणार. तो म्हणाला, "तेच तं."

पावसाळा संपल्यावर सिनेमा आला. देवळासमोर पडदा लावून गावाला दाखवला. बैल वाटेवरून चालत येतो, मागं संध्याकाळचं ऊन, वाजंत्री रडवणारी. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मला हसू आवरेना, कारण बैलाच्या पोटाखाली, पलीकडे, माझे दोन पाय चाललेले साफ दिसत होते. भेगाळलेले, काळे, एका टाचेला शेण लागलेलं.

"बठ्ठा गाव रडी ऱ्हायना, अन् तू हासी ऱ्हायनी?" नाना मागून म्हणाले. मग त्यांनी वाकून नीट बघितलं. "आक्का, या बैलले सहा पाय कसा?"

फोनवर खूप लोकांनी लिहिलं की बैलानं काय काम केलंय. सुनेनं मला वाचून दाखवलं. पायांचं कोणी लिहिलं नाही. मी काही मनावर घेतलं नाही, थोडं घेतलं.

आता बैल दारातल्या निंबाखाली असतो. पेंड भिजवून द्यावी लागते. सिनेमा बघितलेले लोक कधी शिंदखेड्याहून, कधी पार जळगावकडून लग्नाला आलेले, वाट वाकडी करून त्याला बघायला येतात आणि फोटो काढतात. काढा, आमचं काही म्हणणं नाही. फक्त फोटोला त्याच्या डाव्या बाजूला उभे राहा. उजवीकडे कोणी येऊन उभं राहिलं की त्याला वाटतं कामाला जायचंय, आणि तो उठायला लागतो. त्याचे गुडघे दुखतात.